रिपोर्टात ‘सेन्सिटिव्ह’, तरी जंतू परत का येतो?

वाचकाचं पत्र: आम्ही नाशिकच्या म्हसरूळला राहतो, दिंडोरी रस्त्याला द्राक्षबाग आहे. आई ६३ वर्षांची. सतरा वर्षांपूर्वी तिला टीबी झाला होता, गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला. दोन वर्षांपासून रोज सकाळी खोकून खोकून अर्धी वाटी कफ पडतो, कधी कधी हिरवट. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या फुगून सैल होणं) आलं. कफाच्या कल्चरमध्ये (कफातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) जानेवारीत स्यूडोमोनास एरुजिनोसा नावाचा जंतू आला, ऑगस्टमध्ये पुन्हा तोच. दोन्ही वेळा सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकपुढे ‘सेन्सिटिव्ह’, म्हणजे जंतू त्याला दाद देतो, असं लिहिलंय. वर्षभरात चार वेळा सात-सात दिवस ती गोळी दिली. आठ-पंधरा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. मोबाइलवर वाचलं की हे जंतू एकमेकांशी बोलतात, त्याला कोरम सेन्सिंग म्हणतात, आणि लसणाने ते बोलणं तुटतं. तेव्हापासून आई रोज उपाशीपोटी आठ पाकळ्या कच्च्या खाते. मावसभाऊ म्हणतो, लसणाचा रस थेट नेब्युलायझरमधून द्या. द्यावा का? आणि घरात तीन वर्षांची माझी मुलगी आहे, तिला यापासून धोका आहे का?

उत्तर: सगळ्यात आधी रसाचं. लसणाचा रस नेब्युलायझरमध्ये अजिबात घालू नका. गाळून नको, पाण्यात पातळ करून नको, एक थेंबसुद्धा नको. लसणातली गंधकाची संयुगं श्वासनलिकेच्या अस्तराला चटका देतात, नळ्या आवळून दम लागू शकतो, आणि स्वयंपाकघरात काढलेला रस निर्जंतुक नसतो. म्हणजे ज्या फुफ्फुसात आधीच एक जंतू ठाण मांडून बसलाय, तिथे तुम्ही आणखी चार पाठवाल. निलगिरी तेल, तुळशीचा अर्क, हळदीचं पाणी या सगळ्यांना हीच बंदी.

आता तुम्ही जे वाचलंय त्याकडे वळू. ते खोटं नाही, फक्त अर्धवट आहे.

ग्रामसभा डोळ्यांसमोर आणा. ठरलेली माणसं जमेपर्यंत ठराव मांडता येत नाही; कोरम भरला की कामकाज सुरू. जंतूंचं बरंचसं असंच चालतं, म्हणून तर हे नाव पडलं. नाव १९९४ सालचं, पण गोष्ट त्याआधीची. १९७० मध्ये समुद्रातल्या एका चमकणाऱ्या जंतूच्या अभ्यासात दिसलं की तो विरळ असताना अंधारात राहतो आणि दाटी झाली की सगळे एकदम उजळतात. प्रत्येक जंतू एक छोटा रेणू सतत बाहेर सोडत असतो. दाटी झाली की तो रेणू भोवताली साचतो, आणि ठरावीक प्रमाणापुढे गेला की प्रत्येकाच्या आतली बटणं दाबली जातात.

स्यूडोमोनासकडे असे निरोप एकाहून जास्त आहेत. पहिला १२ कार्बनच्या शेपटीचा, तो बनवणारं प्रथिन लासआय आणि ओळखणारं लासआर. दुसरा ४ कार्बनचा, आरएचएल नावाच्या जोडीचा. तिसरा पीक्यूएस, तो क्विनोलोन जातीचा रेणू आहे. या जंतूकडे साधारण साडेपाच हजार जनुकं आहेत. त्यातली तीनशेहून अधिक या निरोपांवर चालू-बंद होतात. आणि चालू काय होतं? इलास्टेज हे विकर, जे फुफ्फुसाला रबरासारखा ताण देणारे धागे तोडतं. पायोसायनिन हे निळं-हिरवं रंगद्रव्य, ज्याने कफ वर ढकलणाऱ्या बारीक केसांची हालचाल मंदावते. रॅम्नोलिपिड नावाचा साबणासारखा पदार्थ, जो चाल करून आलेल्या पांढऱ्या पेशींना फोडतो. एकट्या जंतूने हे सगळं सोडलं तर शरीर त्याला ओळखून संपवेल आणि मेहनत वाया जाईल. म्हणून तो फौज जमेपर्यंत गप्प बसतो. (द्राक्षबागायतदाराच्या घरात सांगायलाच हवं असं एक: प्रयोगशाळेत या जंतूच्या प्लेटचं झाकण उघडलं की द्राक्षासारखा गोडसर वास येतो. तो वास ज्या रेणूचा, तोही याच निरोपांच्या ताब्यात असतो.)

याच दाटीत जंतू स्वतःभोवती चिकट जाळं विणतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. रात्रभर भिजलेल्या माठाच्या तळाला बोट लावलं की जे बुळबुळीत लागतं, तेच. १९९८ साली काचेवर वाढवलेल्या स्यूडोमोनासमधलं पहिला निरोप बनवणारं जनुक काढून टाकलं, तेव्हा त्या जंतूंचा थर चपटा आणि पातळ झाला, आणि साबणासारख्या द्रव्याने सहज सुटून गेला. निरोप शाबूत असलेल्यांचा थर मात्र तसाच राहिला. २००० साली सिस्टिक फायब्रोसिसच्या (फुफ्फुसात घट्ट कफ साचणाऱ्या एका जन्मजात आजाराच्या) रुग्णांच्या कफात हे रेणू प्रत्यक्ष मोजले गेले. बाटलीतल्या द्रवात सुटे वाढणारे जंतू १२ कार्बनवाला निरोप जास्त सोडतात. कफात ४ कार्बनवाला जास्त सापडला, अगदी बायोफिल्ममध्ये असतो तसा. रुग्णाच्या छातीत जंतू गठ्ठ्याने राहतात, याचा तो सरळ पुरावा होता.

तुमच्या प्रश्नाचं मर्म इथे आहे. रिपोर्टातलं ‘सेन्सिटिव्ह’ हे सुट्या जंतूंबद्दलचं विधान आहे. लॅबमध्ये कफातला जंतू वेगळा काढून प्लेटवर पसरतात, औषधाची चकती ठेवतात आणि १६ ते २० तासांनी तिच्याभोवती किती जागा मोकळी राहिली ते मोजतात. ते जंतू ताजे, भराभर वाढणारे, एकेकटे असतात. आईच्या छातीत ते कफाच्या गुठळीत आहेत. आतल्या थरांना प्राणवायू तुटपुंजा, म्हणून ते जवळजवळ झोपलेले. आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन वाढणाऱ्या जंतूवर जोरात चालतं, झोपलेल्यावर कमी. गठ्ठ्यातला जंतू मारायला सुट्या जंतूच्या शेकडो पट, कधी हजार पट औषध लागू शकतं. इतकं गोळीतून कफात पोहोचत नाही. कडेचे मरतात, आईला बरं वाटतं, आतले उरलेले महिन्याभरात पुन्हा दाटी करतात. म्हणून रिपोर्ट चुकीचा नाही, लॅबही चुकलेली नाही.

मग निरोपच तोडला तर? हा विचार फार जणांनी केला आणि त्यात लसूण खरोखर आहे. ठेचलेल्या लसणातून तयार होणारं अजोईन नावाचं संयुग काचेतल्या आणि उंदरांमधल्या प्रयोगांत स्यूडोमोनासचे निरोप दाबतं. पण माणसात? सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना ८ आठवडे लसणाच्या तेलाच्या कॅप्सूल देऊन एक छोटी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. लसणाच्या कॅप्सूल आणि बिनलसणाच्या नुसत्या तेलाच्या कॅप्सूल यांत ठोस फरक दिसला नाही. गिळलेल्या लसणातलं अजोईन पोट, यकृत, रक्त असा प्रवास करून कफाच्या गुठळीच्या मध्यापर्यंत पुरेशा मात्रेत पोहोचतं असं मानायला आधार नाही. उपाशीपोटी आठ पाकळ्यांनी मात्र छातीत जळजळ होते, आणि रात्री आंबट पाणी घशाशी येऊन थोडं श्वासनलिकेत उतरलं की ब्रॉन्किएक्टेसिस बिघडतं. आई ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेत असेल तर एवढा लसूण रक्तस्रावाची भीती वाढवतो, आणि या आजारात कफातून रक्त येण्याची शक्यता मुळातच असते. आमटीला फोडणी द्या, भाकरीबरोबर ठेचा खा. औषध म्हणून आठ पाकळ्या आजपासून थांबवा.

निरोप तोडणारं असं खास औषध आज दुकानात मिळत नाही, आणि त्यामागचं एक कारण हा जंतू स्वतःच आहे. वर्षानुवर्षं एकाच फुफ्फुसात राहिलेल्या स्यूडोमोनासमध्ये लासआर बिघडलेले वाण वारंवार सापडतात. हे फुकटे असतात: निरोप ऐकत नाहीत, विकरं बनवायची मेहनत करत नाहीत, शेजाऱ्याने तोडलेल्या प्रथिनावर जगतात. त्यातले काही लासआरशिवायही बाकीचे निरोप चालू ठेवतात. ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली की पुढच्या सभेला कोरम लागत नाही, तसंच काहीसं. म्हणजे एका बटणावर बोट ठेवून जुना संसर्ग बंद होईल, हा हिशेब चालत नाही.

एक औषध मात्र आडवाटेने इथे पोहोचतं, आणि त्याबद्दल डॉक्टरांशी बोलायलाच हवं. ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक नेहमीच्या मात्रेत स्यूडोमोनासला मारत नाही. म्हणून तुमच्या रिपोर्टात त्याचं नावही नसेल. पण मारण्याइतकं नसलेल्या मात्रेतही ते या जंतूचे निरोप आणि विकरं कमी करतं, शिवाय श्वासनलिकेची सूजही उतरवतं. जपानमध्ये डिफ्यूज पॅनब्रॉन्किओलायटिस या बारीक श्वासनलिकांच्या आजारात १९८० च्या दशकात याच कुळातलं एरिथ्रोमायसिन कमी मात्रेत दीर्घकाळ दिलं, आणि स्यूडोमोनास असलेल्या रुग्णांचंसुद्धा आयुष्य वाढलं. २०१२ मध्ये न्यूझीलंडमधली ब्रॉन्किएक्टेसिसची चाचणी प्रसिद्ध झाली: ५०० मिलिग्रॅम, आठवड्यातून ३ दिवस, ६ महिने. आजार उसळण्याच्या घटना निम्म्याहून कमी झाल्या. वर्षात ३ किंवा अधिक वेळा उसळी येत असेल तर हा पर्याय विचारात घेतात. आईला चार वेळा आली.

पण स्वतःहून सुरू करू नका, यात तीन खाचखळगे आहेत. पहिला, कफात टीबीसारखे पण टीबी नसलेले मायकोबॅक्टेरिया असतील तर एकट्या ॲझिथ्रोमायसिनने ते त्याला दाद देईनासे होतात, आणि पुढे त्यांच्या उपचाराचं मुख्य हत्यार हातातून जातं. म्हणून आधी मायकोबॅक्टेरियाचं कल्चर लागतं. ते सहा-आठ आठवडे घेतं, कंटाळू नका. दुसरा, हृदयाची लय. आधी ईसीजी, त्यात क्यूटीसी नावाचा आकडा बघतात. बायकांमध्ये तो ४७० मिलिसेकंदांच्या वर असेल तर हे औषध टाळतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिनही हाच आकडा वाढवतं, दोन्ही एकत्र डॉक्टरांच्या नजरेखालीच. तिसरा, कान आणि यकृत: सुरुवातीला ऐकण्याची आणि यकृताची तपासणी, आणि कानात आवाज येऊ लागला तर लगेच कळवणं.

सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या सात दिवसांबद्दल. ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये स्यूडोमोनासने उसळी घेतली की नेहमीचा हिशेब १४ दिवसांचा असतो; सात दिवसांत आईला बरं वाटलं म्हणून कोर्स तिथेच संपवला असेल, तर तोही परत येण्यामागचा एक भाग आहे. आणि ती गोळी दुधाबरोबर, दह्याबरोबर किंवा कॅल्शियम-लोहाच्या गोळीबरोबर घेतली असेल तर पोटातच बांधली जाते आणि रक्तात पोहोचतच नाही. या गोष्टींच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायची. टाचेच्या वरच्या शिरेत दुखू लागलं तर गोळी थांबवून फोन करायचा. साठीनंतर हा त्रास जास्त होतो.

आणखी एक, आणि हे आम्हाला सर्वांत काळजीचं वाटतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या कुळातली औषधं टीबीच्या जंतूवरही थोडी चालतात. जुना टीबी असलेल्या बाईला ती पुन:पुन्हा दिली तर नवा टीबी दबलेला राहतो, निदान लांबतं. भारतात हा प्रश्न मोठा आहे: ३१ केंद्रांतल्या २,१९५ रुग्णांची ब्रॉन्किएक्टेसिसची नोंदणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत सर्वांत जास्त कारण जुना टीबीच होतं, सुमारे ३५ टक्के, आणि कफात सर्वांत जास्त सापडलेला जंतू स्यूडोमोनास. म्हणजे तुमच्या आईचं उदाहरण जगावेगळं नाही. पुढचा कोर्स सुरू करण्याआधी कफाची सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी चाचणी) करून घ्या. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ती मोफत होते.

नमुना नीट दिला नाही तर सगळंच फुकट जातं. सकाळी उठल्यावर, दात न घासता, साध्या पाण्याने तीन-चार चुळा भरायच्या. मग खोलवरून खोकून आलेला कफ थेट लॅबच्या निर्जंतुक डबीत, थुंकी नव्हे. डबी २ तासांत लॅबमध्ये पोहोचली पाहिजे. जमत नसेल तर फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नाही, आणि त्याच दिवशी नेऊन द्यायची. अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी. रिपोर्ट हातात आल्यावर ग्रॅम स्टेनची (कफ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याची) ओळ वाचा: पू-पेशी २५ हून जास्त आणि स्क्वॅमस एपिथेलियल पेशी (तोंडाच्या अस्तराच्या) १० हून कमी असतील तर तो छातीतला कफ. उलटं असेल तर ती तोंडातली लाळ होती आणि त्या कल्चरवर औषध ठरवणं बरोबर नाही. हिरव्या रंगावरूनही घाईने ठरवू नका; तो बहुतेक वेळा आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या विकराचा असतो.

आता सर्वांत मोठं काम, जे औषधाच्या दुकानात मिळत नाही. रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलेलं असताना गोदावरीत बादलीभर रंग ओतला तर क्षणात वाहून जातो. तोच रंग मे महिन्यातल्या साचलेल्या डोहात दिवसभर दिसतो. जंतूंच्या निरोपाचं हेच आहे. वाहत्या द्रवात निरोप साचत नाही. कोंडलेल्या जागेत फार थोड्या जंतूंनाही पुरतो. २००९ च्या एका प्रयोगात स्यूडोमोनासला अतिसूक्ष्म थेंबांत कोंडलं, तेव्हा अगदी मोजक्या पेशींचासुद्धा कोरम भरला. आईच्या फुगलेल्या, सैल श्वासनलिकेत साचलेला कफ हा असा डोह आहे. तो रोज दोन वेळा रिकामा करायचा. निरोपाचं काहीही असो, कफ काढल्याने खोकला हलका होतो आणि दिवस बरा जातो, हे वेगळं सिद्धही आहे.

वेळ सकाळी उठल्यावर, आणि संध्याकाळी जेवणाआधी; जेवल्यावर किमान दीड तास नाही, नाहीतर उलटी होते. क्रम असा: आधी डॉक्टरांनी दिलेला श्वासनलिका मोकळी करणारा पंप, सालब्युटॅमॉलचा. १०-१५ मिनिटं थांबायचं. मग त्यांनी लिहून दिलं असेल तर ३ किंवा ७ टक्क्यांचं मिठाचं सलाइन, ४ मिलिलिटर, नेब्युलायझरमधून. याचा पहिला डोस दवाखान्यातच घ्यायचा, कारण काहींच्या नळ्या त्याने आवळतात. मग व्यायाम. खुर्चीत ताठ बसून अर्धा-एक मिनिट शांत श्वास, खांदे सैल. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक श्वास भरल्यावर ३ सेकंद धरून ठेवायचा, म्हणजे हवा कफाच्या मागे शिरते. पुन्हा शांत श्वास. मग एक किंवा दोन ‘हफ’: चष्म्याच्या काचेवर वाफ सोडताना तोंड उघडून ‘हाऽऽ’ करतो ना, तसं, पण पोटातून जोर लावून. आधी मध्यम श्वास घेऊन लांब हफ, त्याने खोलवरचा कफ वर सरकतो. मग मोठा श्वास घेऊन आखूड हफ, त्याने वर आलेला बाहेर पडतो. खोकत सुटायचं नाही, सततच्या खोकल्याने नळ्या मिटतात आणि माणूस नुसता थकतो. हे चक्र १० ते ३० मिनिटं, सलग दोन हफ कोरडे येईपर्यंत.

आईचा आजार वरच्या भागात आहे, ही इथे सोय आहे: बसल्या-बसल्या उतार आपोआप मिळतो. पलंगाच्या कडेवरून डोकं खाली लोंबकळवायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, तो उपाय खालच्या भागासाठी असतो आणि जळजळ असलेल्यांना तर नकोच. एकदा श्वसनाच्या फिजिओथेरपिस्टसमोर बसून हे बघून घ्या. कागदावर वाचून हफ जमत नाही.

वारंवार उसळी येत असेल तर डॉक्टर कॉलिस्टिनसारखं अँटिबायोटिक नेब्युलायझरमधून रोज द्यायचं सुचवतील, बहुधा १० लाख युनिट दिवसातून दोनदा. दोन कल्चर, मध्ये तीन महिन्यांहून जास्त अंतर, दोन्हीत तोच जंतू, म्हणजे संसर्ग जुना झालाय, आणि त्यासाठीच हा उपाय आहे. ते कफ काढून झाल्यावर घ्यायचं. कफावर फवारलं तर वरच राहतं. पूड विरघळवताना बाटली हलवायची नाही, फेस येतो. तळहातात गोल फिरवायची. आणि आयत्या वेळी कालवून लगेच वापरायचं, सकाळचं संध्याकाळसाठी ठेवायचं नाही. याचाही पहिला डोस डॉक्टरांसमोर.

आता तुमचं नेब्युलायझर. कप उघडा. आत मधोमध एक छोटा शंकूसारखा प्लास्टिकचा तुकडा असतो, तो काढून उलटा करा आणि आतल्या बाजूने करंगळी फिरवा. बुळबुळीत लागलं, तर आई रोज औषधाबरोबर बायोफिल्मचे तुकडे आत ओढतेय. स्यूडोमोनासला ओलं प्लास्टिक फार आवडतं. प्रत्येक वापरानंतर कप, शंकू, तोंडाचं टोक सुटं करून भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवायचं. दिवसातून एकदा निर्जंतुक करायचं: मशीनच्या माहितीपत्रकात उकळायला परवानगी असेल तर उकळत्या पाण्यात ५ मिनिटं, नसेल तर ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ५ मिनिटं बुडवून, उकळून गार केलेल्या पाण्याने खळखळून. व्हिनेगर या जंतूसाठी भरवशाचं नाही. नंतर स्वच्छ कापडावर उघड्यावर पूर्ण वाळू द्यायचं. ओला कप पिशवीत कोंबला तर धुण्याचा उपयोग शून्य. रबरी नळी पाण्यात धुवायची नाही. आत दव दिसलं तर कप काढून मशीन दोन-तीन मिनिटं नुसतं चालवायचं. औषध पातळ करायला फक्त निर्जंतुक सलाइनची छोटी ॲम्प्युल. बोअरचं किंवा नळाचं पाणी, फिल्टरचंसुद्धा, नको. कप सहा महिन्यांनी बदला.

घरात कूलर असेल तर त्याची टाकीही त्याच नजरेने बघा. उन्हाळाभर साचलेलं पाणी आणि ओली जाळी हे या जंतूचं आवडतं घर. आईने बागेत द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी गंधकाची धुरळणी चालू असताना जाऊ नये, कांद्याच्या चाळीत निवडायला बसू नये आणि चुलीसमोर बसणं बंद करावं. थंडी सुरू होण्याआधी फ्लूची लस दरवर्षी, आणि न्यूमोकोकलची लस डॉक्टरांना विचारून.

एक वही ठेवा. रोज कफ किती, रंग काय, दम किती. खोकला, कफाचं प्रमाण किंवा घट्टपणा, त्याचा रंग, दम, थकवा, रक्त, यांपैकी तीन गोष्टी सलग दोन दिवस बिघडल्या तर ती उसळी. कफाचा नमुना देऊन मग औषध, घरात उरलेल्या गोळ्या नाहीत. कफात रक्ताच्या रेघा दिसल्या तर मिठाचं सलाइन थांबवून त्याच दिवशी फोन करा. चमचाभर किंवा अधिक ताजं रक्त, बोटावरच्या यंत्रात प्राणवायू ९२ च्या खाली, किंवा थंडी वाजून ताप आला, तर रात्र असली तरी थेट रुग्णालयात.

तुमच्या मुलीबद्दल. स्यूडोमोनास माती, पाणी, भाजीपाला सगळीकडे असतो, आणि निरोगी फुफ्फुसं त्याला कोरम भरायच्या आतच बाहेर काढतात. आजीच्या खोकल्यातून तिला हा आजार व्हायची भीती नको. फक्त आजीचं नेब्युलायझर तिला सर्दीत लावू नका, तिचं वेगळं घ्या. टीबीची शंका मात्र अजून मिटलेली नाही. सीबीनॅटचा रिपोर्ट येईपर्यंत आजीने मास्क लावावा, झाकणाच्या डबीत कफ टाकावा आणि वेगळ्या, खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत झोपावं. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की मास्क काढून नातीला खुशाल मांडीवर घेऊ द्या.